हिराकसात सायट्रिक ॲसिड टाकलं की लोह 'चिलेट' होतं का?

प्रश्न थोडक्यात असा: वाळवा तालुक्यातली काळी जमीन, उसाच्या खोडव्यावर केवडा (लोह कमी पडून पानं पिवळी पडणं) दिसला म्हणून २०० लिटरच्या बॅरलमध्ये १ किलो हिराकस टाकला. पाणी बोअरचं. अर्ध्या तासात बॅरल चहासारखं झालं आणि पंपाच्या जाळीवर तांबडा गाळ बसला. पुढच्या खेपेला दुकानदाराच्या सांगण्यावरून २०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड टाकलं, तर पाणी स्वच्छ राहिलं. दुकानदार म्हणतो, "लोह चिलेट झालं." विचारणाऱ्याने बी.एस्सी. रसायनशास्त्रात केलेली आहे, म्हणून त्याला हे पटत नाही. खरंच चिलेट झालं का, द्रावणात असं संकुल (धातू आणि त्याला धरणारा रेणू यांची जोडी) नेमकं बनतं कसं, आणि बनत असेल तर ईडीटीए हे धातूला घट्ट धरणारं महागडं रसायन घ्यायचंच कशाला?

सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या प्रयोगशाळेत माझी वीसेक वर्षं गेली, त्यात सगळ्यात जास्त वेळ लोह आणि सायट्रेट या जोडीने खाल्ला. तेव्हा जरा लांबड लागेल.

आधी बॅरलचा हिशोब करू, कारण अर्धं उत्तर तिथेच आहे. हिराकस म्हणजे सात पाण्याचं फेरस सल्फेट, रेणूभार २७८. एक किलोत साधारण ३.६ मोल (अणू-रेणू मोजायचं एकक) लोह. बाजारात मिळणारं सायट्रिक ॲसिड बहुधा एका पाण्याचं असतं, रेणूभार २१०. दोनशे ग्रॅम म्हणजे जेमतेम ०.९५ मोल. म्हणजे जवळजवळ चार लोहांमागे एक सायट्रेट. सायट्रेटचा एकूण एक रेणू लोहाला चिकटला, तरी तीन चतुर्थांश लोह मोकळंच राहणार. तेव्हा दुकानदाराचं वाक्य जसंच्या तसं खरं असू शकत नाही. तरीही पाणी स्वच्छ राहिलं हेही खरं. का राहिलं, ते समजायला संकुल बनतं कसं ते पाहावं लागेल.

धातूचा आयन पाण्यात एकटा कधीच नसतो. लोहाभोवती सहा पाण्याचे रेणू दाटीने बसलेले असतात, प्रत्येकाचा ऑक्सिजन लोहाकडे तोंड करून. संकुल बनणं म्हणजे यातल्या काही पाण्यांना उठवून त्यांच्या जागी दुसरं कोणी बसणं. ॲसिटिक आम्लाचा कार्बॉक्सिलेट गट हे करू शकतो, पण एका जागेवर धरलेला हात सहज सुटतो. आता शेजारच्याच कार्बनवर एक हायड्रॉक्सिल गट असेल, म्हणजे ग्लायकोलिक, लॅक्टिक, मॅलिक, टार्टारिक, सायट्रिक यांपैकी काही असेल, तर कार्बॉक्सिलेटने धातू धरल्यावर तो हायड्रॉक्सिल आपोआप धातूच्या समोर येतो. दोन्ही ऑक्सिजन, दोन कार्बन आणि धातू मिळून पाच जणांचं कडं तयार होतं. पाचांच्या कड्यात ताण कमी असतो, म्हणून ते टिकतं. शिवाय एक रेणू आत येताना दोन-तीन पाणी बाहेर पडतात. मोकळ्या कणांची संख्या वाढते आणि एन्ट्रॉपीचा कौलही त्याच बाजूने पडतो. 'चिलेट' हा शब्द मॉर्गन आणि ड्रू यांनी १९२० मध्ये वापरात आणला, खेकड्याच्या नांगीच्या ग्रीक शब्दावरून. पकड दोन बाजूंनी असते, इतकंच त्यात सांगितलंय. नांगी किती जोरात आवळते, हे त्या शब्दात नाही, आणि सगळा घोळ नेमका तिथेच होतो.

आता हायड्रॉक्सिलची गंमत. सायट्रिक आम्लाचे तीन कार्बॉक्सिल प्रोटॉन ३.१, ४.८ आणि ६.४ या पीकेएंना (ज्या पीएचला निम्मे प्रोटॉन सुटलेले असतात त्या आकड्यांना) सुटतात. चौथा, हायड्रॉक्सिलचा, मोकळ्या रेणूत १४ च्या आसपासही सुटायला तयार नसतो. पाठ्यपुस्तकात म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही. पण त्याच द्रावणात लोह-३, म्हणजे तीन इलेक्ट्रॉन गमावलेलं लोह, असेल तर?

हे मी पहिल्यांदा ब्युरेटवर पाहिलं. एक मिलिमोल सायट्रिक आम्ल, त्यात नायट्रेट रूपातलं एक मिलिमोल लोह-३, आणि वरून थेंबथेंब सोडियम हायड्रॉक्साइड. काहीही न घालता मोजलेला पीएचच मुळात अपेक्षेपेक्षा कितीतरी खाली निघाला. म्हणजे अल्कलीचा पहिला थेंब पडायच्या आधीच लोहाने आम्लाचे प्रोटॉन ढकलून बाहेर काढले होते. पुढे पीएच ३ च्या आतच तीन प्रोटॉनांचा हिशोब संपला, तरी वक्र वर उठेना. अल्कली मुकाट्याने खात राहिला. तो चौथा प्रोटॉन होता. लोह-३ ची ओढ इतकी तीव्र की ज्या हायड्रॉक्सिलला एरवी १४ चा पीएचही हलवत नाही, तो इथे अडीच-तीनला प्रोटॉन सोडून अल्कॉक्साइड म्हणून लोहाला चिकटतो. तांब्याच्या बाबतीत हेच चार-पाचच्या आसपास होतं. कॅल्शियमच्या बाबतीत नेहमीच्या पीएचला होतच नाही. हायड्रॉक्सी आम्लांची सारी खुबी या एका गटात आहे, आणि तो गट कामाला लागायचा की नुसता बसून राहायचा, हे समोरचा धातू ठरवतो.

म्हणून आकडे असे पडतात. सायट्रेटचा लॉग के, म्हणजे पकडीच्या ताकदीचा घातांक, ढोबळमानाने कॅल्शियमशी साडेतीन, लोह-२ शी साडेचारच्या जवळ, झिंकशी पाच, तांब्याशी सहा, आणि लोह-३ शी सव्वाअकरा ते साडेअकरा. लोह-२ आणि लोह-३ मधला फरक सातेक घातांकांचा, म्हणजे जवळजवळ एक कोटी पट. एक इलेक्ट्रॉन गेला की पकड कोटी पटीने वाढते. हिराकसात असतं ते लोह-२, आणि त्याच्याशी सायट्रेटची मैत्री कामचलाऊच.

आता परत बॅरलकडे. नुसत्या बोअरच्या पाण्यात हिराकस टाकला तेव्हा काय झालं? आपल्याकडच्या बोअरला बायकार्बोनेट भरपूर, पीएच आठच्या आसपास. अशा पाण्यात हवेतला ऑक्सिजन लोह-२ चं लोह-३ करतो, आणि पीएच पाचच्या वर या क्रियेचा वेग हायड्रॉक्साइडच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पीएच एकाने चढला की वेग शंभरपट. तयार झालेल्या लोह-३ ला हायड्रॉक्साइड लगेच उचलतं. पीएच ७ ला मोकळं लोह-३ पाण्यात राहू शकतं ते १० च्या उणे सतराव्या-अठराव्या घाताइतके मोल, बाकी सगळं गंज होऊन तळाला. तुमच्या जाळीवर बसलं ते हेच.

सायट्रिक ॲसिड टाकल्यावर पहिलं काम झालं ते आम्लाचं. समजा पाण्याची अल्कता, म्हणजे आम्ल जिरवायची ताकद, कॅल्शियम कार्बोनेटच्या भाषेत लिटरला ३०० मिलिग्रॅम आहे. दोनशे लिटरला १.२ सममूल्य आम्ल लागतं. तुमच्या २०० ग्रॅममधून साडेचारच्या पीएचला येईपर्यंत जवळपास तेवढंच आम्ल सुटतं. बॅरलमध्ये बुडबुडे दिसले असतील, तो बायकार्बोनेटमधून बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड. पीएच साडेचारला ऑक्सिडेशन इतकं मंदावतं की फवारणी उरकेपर्यंत फारसं लोह-३ बनतच नाही. बहुतेक लोह साधं, पाण्याने वेढलेलं लोह-२ म्हणूनच राहतं.

दुसरं काम मात्र खरंखुरं संकुलाचं. जे थोडं लोह-३ बनतं, आणि जुन्या हिराकसाच्या खड्यांवर जी पिवळट-तपकिरी पूड आधीच असते, तिला सायट्रेट धरतं. पाणी पूर्ण रंगहीन न राहता किंचित पिवळसर-हिरवट दिसलं असेल तर तो रंग त्या संकुलाचा. तेव्हा दुकानदार शंभर टक्के चुकलेला नाही. त्याचं वाक्य लोहाच्या एका छोट्या हिश्शाला लागू आहे, एवढंच.

आता हाच प्रयोग ६०० अल्कतेच्या पाण्यात करा. दोनशे ग्रॅम आम्ल सगळं बायकार्बोनेटशी भांडण्यात संपतं, पीएच सहाच्या वर राहतो आणि बॅरल पुन्हा तांबूस होतं. शेजारच्याला 'सायट्रिकने काही फरक पडला नाही' असा अनुभव आला असेल तर त्याचं पाणी तपासा, त्याच्या सायट्रिक ॲसिडला दोष देऊ नका.

प्रमाणाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे मी स्वतः तोंडघशी पडलो होतो. एका कारखान्यासाठी द्रवरूप फेरिक सायट्रेट बनवायचं होतं. मी लोह आणि सायट्रेट एकास एक घेतलं, अमोनियाने पीएच साडेसहावर आणला. सुंदर पारदर्शक लालसर-तपकिरी द्रावण, गाळाचा टिपूसही नाही. लोहाची टक्केवारी बरोबर, नमुना पास. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधून कॅन परत आले, तर तळाला बोटभर जेली. मी 'विरघळलेलं' आणि 'संकुलात असलेलं' एकच समजत होतो. एकास एक प्रमाणात पीएच वर नेला की लोह-३ सायट्रेटला धरूनच हायड्रॉक्साइडच्या पुलांनी एकमेकांना जोडलं जातं. मोठे गोळे बनतात, बाहेरून सायट्रेटचं अस्तर आणि आत जवळजवळ गंज. पारदर्शक दिसतात म्हणून डोळ्याला कळत नाही. फक्त लहान रेणू आरपार जाऊ देणाऱ्या डायलिसिसच्या पिशवीत घातलं तर बाहेर येत नाहीत. अशा गोळ्यांचा अभ्यास १९६०च्या दशकात स्पायरो आणि सॉल्टमन यांनी केला होता, आणि मी तो कॅन परत आल्यावर वाचला. सायट्रेट भरपूर जास्त असेल तर दोन सायट्रेट मिळून एका लोहाला वेढतात, पूल बांधायला जागा उरत नाही आणि एकेकटं, लहान संकुल टिकतं. पुढच्या खेपेला मी सायट्रेट वाढवलं, पीएच खाली ठेवला, उन्हाळा निभावला.

झाडालाही हे माहीत आहे. मुळांपासून पानांपर्यंत लोह झायलेममधून, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या नळ्यांमधून, जातं ते सायट्रेटच्या सोबतीने. तीन लोह आणि तीन सायट्रेट यांचं एक संकुल टोमॅटोच्या झायलेम रसात २०१० मध्ये प्रत्यक्ष ओळखलं गेलं. तो रस साडेपाच पीएचच्या आसपास आंबट असतो, आठचा नसतो. आणि ज्वारीच्या काही जातींची मुळं ॲल्युमिनियमचा त्रास झाला की मातीत सायट्रेट सोडतात, म्हणजे विषारी ॲल्युमिनियम मुळाच्या टोकापाशीच बांधून ठेवतात. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीत या गुणाचं महत्त्व, आपल्या काळ्या जमिनीत नाही.

मग पकड कमकुवत असेल तर संकुल निरुपयोगी का? अजिबात नाही. रक्तपेढीच्या पिशवीत सोडियम सायट्रेट असतं. कॅल्शियमशी त्याची पकड वर सांगितल्याप्रमाणे साडेतीनचीच. पण सायट्रेट भरपूर आणि स्पर्धक कमी, म्हणून मोकळं कॅल्शियम इतकं उतरतं की रक्त गोठत नाही. १९१४ साली ब्रसेल्समध्ये हुस्टिन आणि ब्युनोस आयर्समध्ये आगोटे यांनी सायट्रेट घातलेलं रक्त माणसाला दिलं ते याच जोरावर. शरीरात गेल्यावर यकृत सायट्रेट जाळून टाकतं आणि कॅल्शियम मोकळं होतं. आवळून धरणारं ईडीटीए इथे चाललं नसतं. कॅल्शियम ग्लुकोनेट आणि लॅक्टेट औषध म्हणून चालतात त्याचंही कारण हेच: पकड सैल, कॅल्शियम हवं तेव्हा सुटतं.

हाच ग्लुकोनेट कडक अल्कलीत मात्र वेगळाच अवतार घेतो. त्याच्याकडे हायड्रॉक्सिलची रांगच आहे, आणि पीएच बाराच्या पुढे ती रांग प्रोटॉन सोडून लोहाला घट्ट धरते. म्हणून बाटल्या धुण्याच्या कॉस्टिकमध्ये ग्लुकोनेट घालतात. बारावीतल्या फेहलिंग द्रावणातही हीच युक्ती आहे. कॉपर सल्फेटमध्ये कॉस्टिक टाकलं तर निळा साका पडायला हवा. टार्टरेटमुळे तो न पडता गडद निळं द्रावण राहतं. आणि चिंचेने तांब्याचा हंडा लखलखतो त्यात टार्टारिक आम्लाचे दोन्ही गुण आहेत, डाग आम्लाने सुटतो आणि सुटलेलं तांबं टार्टरेट धरून ठेवतं. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात आमटी कळकते, तेव्हाही हेच रसायन चालू असतं, फक्त आपल्याला नको असताना.

शेतीकडे परत येतो. ईडीटीए कशाला, हा तुमचा तिसरा प्रश्न. लोह-३ शी ईडीटीएचा लॉग के २५, म्हणजे सायट्रेटच्या कितीतरी पुढे. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे लोहयुक्त ईडीटीएमध्ये किमान १२ टक्के लोह असतं, आणि त्यातलं लोह खरोखरच बांधलेलं असतं. फवारणीसाठी मात्र एवढी मजबूत पकड लागतेच असं नाही. बॅरलपासून पानापर्यंतचा प्रवास तासा-दोन तासांचा, तेवढ्याला आम्ल आणि थोडं सायट्रेट पुरतं. खोडव्यावर फवारायचं असेल तर हिराकस आणि सायट्रिक ॲसिड हा स्वस्त आणि रास्त मार्ग आहे, असं माझं मत.

जमिनीतून किंवा ड्रिपमधून द्यायचं असेल तर हिशोब उलटतो. चुनखडीच्या काळ्या जमिनीत पीएच आठ-सव्वाआठ, चोहीकडे कॅल्शियम, आणि सायट्रेट हे जिवाणूंचं आवडतं खाणं. ते काही दिवसांत फस्त होतं आणि लोह गंज होऊन पडतं. ईडीटीए जिवाणूंना सहज पचत नाही, पण तिथे कॅल्शियम लोहाची जागा बळकावतं, म्हणून साधारण साडेसहा-सातच्या वर त्याचाही भरवसा नाही. चुनखडीच्या जमिनीसाठी ईडीडीएचए हाच खरा पर्याय. त्याचा लॉग के ३५ च्या घरात, आणि त्याचा तो गडद लाल रंग लोहाला चिकटलेल्या फिनॉलचा. फिनॉलही एक प्रकारचा हायड्रॉक्सिलच, पण सायट्रिकच्या हायड्रॉक्सिलपेक्षा किती तरी सहज प्रोटॉन सोडणारा. महाग आहे, हे कबूल. 'सायट्रेट चिलेटेड लोह, ड्रिपसाठी' असं लिहिलेला कॅन स्वस्तात मिळाला, तर विकणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा: लोहामागे सायट्रेट किती मोल, आणि कोणत्या पीएचपर्यंत. उत्तर आलं नाही तर कॅन तिथेच ठेवा.

बॅरल भरताना क्रम पाळा. आधी पाणी, मग सायट्रिक ॲसिड, ढवळून पाच-दहा मिनिटं बुडबुडे जाऊ द्या, पीएचची पट्टी बुडवा, चार ते साडेचार दिसलं तरच हिराकस. उलटं केलंत तर हिराकस विरघळताना प्रत्येक खड्याभोवती अल्कधर्मी पाणी असतं आणि तिथल्या तिथे साका पडतो. थंड आणि सौम्य आम्लात तो परत विरघळायला फार वेळ घेतो. पीएच साडेचारच्या वर असेल तर ॲसिड वाढवा, हिराकस नको. कोवळ्या पानांवर आणि दुपारच्या उन्हात जास्त हिराकसाने चट्टे पडतात.

तयार द्रावण उन्हात ठेवू नका. लोह-३ आणि सायट्रेटच्या संकुलावर प्रकाश पडला की सायट्रेटमधला इलेक्ट्रॉन लोहाकडे जातो, लोह-२ बनतं आणि सायट्रेटचा रेणू तुटून कार्बन डायऑक्साइड निघतो. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये फेरिक अमोनियम सायट्रेट कागदावर लावून निळी छायाचित्रं काढली ती याच क्रियेवर, आणि इंजिनिअर ज्याला ब्लू प्रिंट म्हणायचे तो कागद त्याचाच वंशज. बॅरलमध्ये लोह-२ परत मिळालं तर बरंच की, असं वाटेल. पण धरणारा सायट्रेटच खर्ची पडतो, आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर हवा त्या लोहाला पुन्हा लोह-३ करते, तेव्हा सांभाळायला कोणी नसतं. आदल्या दिवशीचं उरलेलं द्रावण सकाळी तांबूस दिसतं ते त्यामुळे.

शेवटी तुम्ही जाता जाता विचारलंय, त्याच बॅरलमध्ये ०:५२:३४ (फॉस्फेट आणि पालाशचं विद्राव्य खत) टाकलं तर चालेल का. टाकू नका. फॉस्फेट हा लोह-३ चा हायड्रॉक्साइडइतकाच पक्का गिऱ्हाईक, तुमच्या एकास चार सायट्रेटला तो जुमानणार नाही, पांढुरका पिवळट साका पडेल आणि या वेळी जाळीऐवजी नोझल चोक होईल. चार दिवसांचं अंतर ठेवून ते वेगळं फवारा.